अकराच्या आधी नाही

प्रोग्रॅमिंगची कुठली भाषा सर्वांत चांगली, असं कोणी विचारलं की पूर्वी मी फार ऐटीत उत्तर देत असे. जावा मला जुन्या लग्नपत्रिकेसारखी वाटे. मुख्य मजकुराआधी मानपानच फार. पायथनमध्ये ओळ समासापासून किती आत सुरू होते यालाही अर्थ असतो. मराठी कवितेत एम.ए. करून या क्षेत्रात आलेल्या बाईला याहून मोठं सुख कोणतं? लालबागच्या घरातून परळच्या ऑफिसात मी चालतच जाते. मिरचीच्या दिवसांत मसाल्याच्या गल्लीतला ठसका ओढणीत शिरतो आणि गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या त्या काचेच्या इमारतीत, थंड हवेत, दुपारपर्यंत माझ्या सोबत असतो.

माझं सर्वांत लाडकं मत वेगळंच होतं. कोडच्या ओळींशेजारी माणसांसाठी टीप लिहिण्याची सोय असते. यंत्र ती वाचत नाही. मी टिपा लिहीत नसे. तळटीप मागणारी कविता कच्ची, हे मी विद्यार्थिदशेतच मनाशी पक्कं केलं होतं. नावं नेमकी द्यावीत, ओळी स्वच्छ ठेवाव्यात, खुलाशाची वेळ येऊ नये. “ताई, तुमचा कोड वाचताना अडखळायला होत नाही,” असं कोणी म्हटलं की दिवसभर मला ते पुरे.

काही वर्षांपूर्वी जवळच्याच एका रुग्णालयासाठी तपासणीच्या वेळा देणारा प्रोग्रॅम मी लिहिला. लिहिण्याआधी आठवडाभर नोंदणीच्या काउंटरमागे बसले. जिथे प्रोग्रॅम चालणार तिथे आधी बसायचं, ही सवय मी आजही सोडलेली नाही, आणि तिचा मला अभिमान आहे. फिनेलचा वास, पिशव्यांत खडखडणारे एक्स-रे, टोकनची घंटी हे सारं मला अजून आठवतं. तिसऱ्या दिवशी काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, “मॅडम, बाहेरगावच्या माणसाला नऊची वेळ देऊ नका हो. गाडी उशिरा पोचते, नंबर जातो, मग पंधरा दिवसांनी पुन्हा तेवढाच प्रवास.” मी चार ओळी लिहिल्या: पत्ता मुंबईबाहेरचा असेल, तर वेळ अकराच्या आधी नाही. कारण लिहिलं नाही. ओळी स्वच्छ होत्या.

पुढे तो प्रोग्रॅम झाडूनपुसून घ्यायचं ठरलं. काम माझ्या शेजारी बसणाऱ्या, माझ्याहून बरीच लहान असलेल्या सहकारी मुलीकडे आलं. एकाने केलेला बदल दुसऱ्याने वाचल्याशिवाय पुढे जायचा नाही, हा आमच्याकडचा रिवाज. तिचा बदल माझ्याकडे आला. त्या चार ओळी तिने काढल्या होत्या. “या अटीचं कारण सापडत नाही. काढली तरी प्रोग्रॅमच्या सगळ्या चाचण्या पास होतात,” असं तिने कळवलं होतं. चाचण्या पास होणारच. या अटीची चाचणी मी लिहिलीच नव्हती.

“कोणी घुसडलं असेल गं हे?” मी म्हणाले, आणि मंजुरी दिली. ओळ कोणाची हे एका क्लिकवर दिसतं. मी ते क्लिक केलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी काउंटरवरच्या बाईंचा फोन आला.

“मॅडम, काय केलंत हो हे? बाहेरगावचे चार जण नंबर चुकवून बसलेत. कणकवलीच्या एक आजी तर नुसत्या रडतायत.”

“मग आता?”

“आजच्यांना घेतलंय डॉक्टरांच्या विनवण्या करून. उद्याच्या यादीत असे नऊ जण आहेत. त्यांच्या गाड्या संध्याकाळी सुटतात. त्याच्या आत काय ते करा.”

आता मी त्या ओळी कोणाच्या ते पाहिलं. माझंच नाव. स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित ऐकून ओळखू न यावा, तसं झालं.

बदल लहान ठेवावा आणि वेगळा जपावा, म्हणजे तेवढाच मागे घेता येतो, हा आग्रह आमच्या गटात मीच धरलेला. तो कामी आला. वीस मिनिटांत चार ओळी परत जागेवर बसल्या. चारच्या आत नऊही जणांना अकरानंतरच्या वेळा गेल्या. “मेसेज कोण वाचतंय!” म्हणत बाईंनी एकेकाला फोन केले. नऊही जण वेळेवर पोचले.

शेजारची मुलगी डोळे पुसत म्हणाली, “ताई, मी विचारायला हवं होतं.”

“कोणाला? लिहिणारी शेजारीच बसून ‘कोणी घुसडलं’ म्हणत होती.”

ती रडता रडता हसली.

त्या रविवारी आईबरोबर मसाला कुटायला गेले. डंकाच्या दणक्यांनी पायाखालची फरशी थरथरत होती. हवेत लाल धूळ होती. आईच्या हातात प्रमाणाची चिठ्ठी होती, तेलाने पारदर्शक झालेली. मी ती प्रथमच नीट वाचली. “दगडफूल अर्धंच. जास्त झाल्यास कडवटतं.” “लवंग कमी. ह्यांना पित्त.” बाबांना जाऊन सहा वर्षं झाली.

“कारणं कशाला लिहितेस गं?”

“लिवक नको? नायतर तू म्हणशील, आयशीक अक्कल नाय होती.” मग त्या ओळीवर बोट ठेवून ती म्हणाली, “आता लवंग वाढव हवी तर. कारण गेला ना.”

सोमवारी मी त्या चार ओळींवर टीप लिहिली. कवितेच्या ओळीइतकीच ती घासूनपुसून घेतली: ‘बाहेरगावची गाडी उशिरा येते. नंबर गेला तर माणसाला पंधरा दिवसांनी पुन्हा यावं लागतं. हे काउंटरवर बसून पाहिलेलं आहे.’ खाली चाचणीही लिहिली. इतक्या वर्षांत पुष्कळ देखणा कोड लिहिला. पण कोणी विचारलं तर मी ह्या तीन वाक्यांकडे बोट दाखवीन.

यंदा तो सगळा प्रोग्रॅम नव्या भाषेत उतरवला गेला. पूर्वी मी त्यावर तावातावाने भांडले असते. या वेळी फक्त बदल वाचायला बसले. काम त्याच मुलीचं होतं. माझ्या चार ओळींच्या तिने दोन केल्या होत्या, आणि त्या माझ्याहून चांगल्या होत्या. टीप मात्र अक्षर न बदलता आणली होती. तिच्याखाली तिची स्वतःची एक ओळ होती:

‘ही अट काढायची असेल, तर आधी काउंटरवर फोन करा.’

मी मंजुरी दिली.