टाकीच्या इंजिनाची पूजा

दिनांक: माघातला दुसरा रविवार, सकाळ. ठिकाण: साताऱ्यातलं माझं माहेर, पुढची खोली. हजर: आई, माझा धाकटा भाऊ, माझा नवरा आणि मी. गैरहजर: भावजय आणि तिची मुलगी. दोघी दिवाळीपासून इस्लामपूरला, भावजयीच्या माहेरी.

कुठल्याही कार्याची नोंद मी अशीच सुरू करते. सांगलीत एका शाळेचं ऑफिस सांभाळते आणि नात्यातली बारशी, साखरपुडे, वास्तुशांतीही बहुतेक माझ्याच गळ्यात येतात. त्या रविवारचं कार्य मात्र आमच्या नात्यात कुणाकडे कधी झालं नव्हतं. तळहातावर मावेल एवढं वाफेच्या इंजिनाचं एक मॉडेल रुळावर ठेवून चालवायचं होतं. ते चाललं की दुसऱ्या दिवशी माझा भाऊ मिरजेच्या डॉक्टरांकडे येणार होता. एवढंच ठरलं होतं, आणि ठरवायला आमच्यापाशी दुसरं काही उरलंही नव्हतं.

भाऊ फौजेत होता. हवालदार म्हणून निवृत्त झाला, पुण्यात एका कंपनीत सिक्युरिटीची नोकरी धरली, ती सोडली आणि साताऱ्याला येऊन मागच्या खोलीत बसला. दमला असेल, असं सुरुवातीला सगळेच म्हणालो. मग तो पंगतीला यायचा थांबला, मग गल्लीत उतरायचा थांबला, मग बोलायचा. भावजयीनं पुष्कळ दिवस निभावलं. शेवटी मुलगी बापाच्या खोलीसमोरून पळत जायला लागली, तेव्हा ती तिला घेऊन गेली. मी तिला दोष देत नाही. त्यानंतर एकदा आई ताट घेऊन आत गेली तर हा अगदी शांतपणे म्हणाला, "मी नसलो तरी तुमचं समदं नीट चालंल." आईनं ते वाक्य फोनवर मला जसंच्या तसं सांगितलं आणि विचारलं, "आसं का म्हणला आसंल गं?"

मी मिळेल ती एस.टी. पकडून साताऱ्याला गेले. दार घासतंय, रंधा मारायला हवा, असं सांगून माझ्या नवऱ्यानं पुढच्या आठवड्यात त्या खोलीची आतली कडी काढून आणली. मिरजेच्या डॉक्टरांची वेळ घेतली ती भावानं नाकारली. पुन्हा घेतली, पुन्हा नाकारली. मला काय झालंय, एवढंच त्याचं म्हणणं. मी सामान, माणसं आणि वेळा यांचा मेळ घालणारी बाई. इथं मेळ कशाचा घालायचा, तेच कळत नव्हतं.

आणि एक दिवस त्याचाच फोन आला. किती महिन्यांनी, ते मी मोजत बसले नाही. त्यानं एक वस्तू मागवली होती. सिलीगुडीकडे पोस्टिंग असताना दार्जिलिंगच्या डोंगरातली छोटी रेल्वे त्यानं पाहिली होती. तिचं जुन्या घडणीचं इंजिन पाणी स्वतःच्याच अंगावर वाहून नेतं. घोड्यावर खोगीर टाकावं तशी बॉयलरवर टाकी बसवलेली. त्याचं नवीन मॉडेल बाहेरच्या देशात निघालं होतं. आत वाफ नाही, बारीक मोटर. वीज रुळांतून येते. हे सगळं तो मला सांगत होता आणि मी फोन कानाशी धरून ऑफिसातल्या कपाटाला टेकून उभी होते.

"जोडायचं काय न्हाई आक्का. रेडी टू रन हाय. रुळावर ठिवायचं आन् बटण फिरवायचं."

रेडी टू रन. या तीन शब्दांना मी जी लटकले, ती महिनाभर लटकूनच राहिले. तो नसेना का, पण त्यानं मागवलेलं काहीतरी चालायला तयार होतं. मी लगेच सौदा केला: इंजिन आलं की रविवारी चालव, सोमवारी मिरजेला चल. तो म्हणाला, "बरं."

खोकं आलं. आईनं ते देव्हाऱ्यापुढं ठेवलं. त्या रविवारी भाऊ दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या खोलीत आला. मी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. काही बोललो असतो तर मोडलं असतं. सतरंजीवर भावानं रुळांचा लांबट गोल जुळवला, वायरी लावल्या आणि खोक्यातून इंजिन काढलं. निळं, लाल रेघांचं, पितळी घुमटाचं. चाकं पावलीएवढी. मला अशा वस्तूंचं काही वाटत नाही, पण त्याच्या हातात ते देखणं दिसत होतं.

तो बटणाला हात लावणार तोच आई म्हणाली, "थांब रं. पूजा कुठं झालीया?"

"आई, हे रेडी टू रन हाय," भाऊ म्हणाला.

"आसंल. पूजा केल्याबिगर तयार कसं?"

यावर कुणाचंच काही म्हणणं नव्हतं. आमच्या घरात सायकल आली, पिठाची गिरणी आली, नवऱ्याची मोटार आली, प्रत्येक वेळी हळदकुंकू, नारळ आणि चाकाखाली लिंबू झालंच. पूजा न करता चाक फिरलं, असं मी माहेरी कधी पाहिलेलं नाही. मीच नारळ, लिंबू, झेंडू, अक्षता असं सगळं तबकात काढून ठेवलं होतं. भावानं हात जोडले. आईनं इंजिनाला हळद लावली, कुंकू लावलं, धुरांड्यावर झेंडूचं फूल ठेवलं.

"लिंबू चिरडायला आता ट्रॅक्टर बोलवा," माझा नवरा म्हणाला.

"तुमाला समदी थट्टाच, पाव्हणं," आई म्हणाली. पण लिंबू इंजिनापेक्षा फार लहान नव्हतं हे तिलाही दिसत होतं. तिनं ते कापलं आणि एका फोडीचा रस दोन्ही रुळांवर पिळला. भाऊ हसला. खरंच हसला. मग नारळ फुटला, पाणी वाटीत आलं, आणि आईनं दुसरं फूल बुडवून इंजिनावर शिंपडलं. एकदा, पुन्हा एकदा, आणि देवीच्या नावानं आणखी एकदा. कुंकू ओघळून धुरांड्यातून आत गेलं, चाकांतून खाली आलं. आम्ही सगळे हात जोडून उभे.

भावानं बटण फिरवलं. इंजिनानं बारीक शिट्टी दिली, वीतभर पुढं गेलं, आतून काहीतरी खरवडल्यासारखा आवाज आला आणि थांबलं. जळका वास सुटला. त्यानं बटण मागे घेतलं, पुढे नेलं, इंजिन उचलून पुन्हा ठेवलं. मग खिशातल्या रुमालानं ते पुसलं, खोक्यात घातलं, खोकं घेऊन मागच्या खोलीत गेला. कडी नव्हती. आत फौजेची लोखंडी ट्रंक सरकल्याचा आवाज आला. ती दाराला येऊन टेकली.

आई तबक हातात धरून तशीच बसली. माझ्या हातनं झालं, माझ्या हातनं झालं, एवढंच पुटपुटत होती. नवऱ्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, गल्लीतली दोन माणसं बोलवू का, दार ढकलू. मी नको म्हटलं. ट्रंक ढकलून आत गेलो असतो, पण त्याच्यापाशी पोहोचलो नसतो. मी दाराशी जमिनीवर बसले.

"उद्याचं रद्द कर आक्का," तो आतून म्हणाला. रागात नाही. एखादं सामान परत पाठवायचं असल्यासारखं.

त्या दाराशी बसून मी खरोखरीच्या सगळ्या वाटा मनात मांडल्या. डॉक्टरांना घरी बोलवणं: ते येत नाहीत. भावजयीला बोलावणं: ती घाबरलेली. त्याला समजावणं: ते किती वेळा झालं होतं. एकही वाट उरेना, तेव्हा मी खोटं बोलले.

"कुपवाडला एक माणूस आहे. अशा बारीक मोटरी दुरुस्त करतो. उद्या सकाळी त्याच्याकडं नेते. पण मला त्यातलं उलटंसुलटं कळत नाही. तू धरून बसायला हवास."

आत काहीच हललं नाही. आई देव्हाऱ्याकडे तोंड करून बसली होती. मग ट्रंक ओढल्याचा आवाज झाला.

"किती वाजता निघायचं?"

सोमवारी सकाळी नवऱ्यानं गाडी काढली. मी पुढं, भाऊ मागं, मांडीवर खोकं. कराड गेलं. पेठ नाक्याला वळलो. इस्लामपूर आलं तेव्हा त्यानं मान खाली घातली आणि गाव मागं पडेपर्यंत खोक्यावरची अक्षरं वाचत राहिला. मी मुद्दाम थांबूया म्हटलं नाही. एका दिवशी एकच.

मग आपणहून बोलायला लागला. त्या डोंगरी गाडीच्या इंजिनावर पुढच्या बाजूला दोन माणसं बसलेली असतात, असं म्हणाला. त्यांचं काम एकच, रुळावर मुठीनं वाळू टाकायची. चढ उभा, वर सदा धुकं, रूळ ओले. वाळू नसली तर चाकं जागच्या जागी गरगर फिरतात आणि इंजिन इंचभर पुढं सरकत नाही. सुट्टीच्या दिवशी तो ते बघायला मुद्दाम जायचा.

"आत ड्रायव्हर आसतोय, कोळसा आसतोय, पाणी आसतंय," तो म्हणाला. "पर म्होरं ती दोन माणसं न्हाई बसली तर कशाचा उपेग न्हाई."

मला वळून त्याच्याकडे बघायचं होतं. मी पुढं बघत राहिले. आष्ट्याच्या अलीकडं त्यानं विचारलं, कुपवाडच्या त्या माणसाला इंजिनाच्या चाकांचं माप सांगितलं होतं का. मी काहीतरी पुटपुटले. मग त्या माणसाचं दुकान कुठल्या बाजूला, ते विचारलं. शाळेतल्या सगळ्या पालकांचे पत्ते मला तोंडपाठ आहेत. त्या वेळी एक खोटा पत्ता सुचला नाही.

"गाडी थांबवा दाजी," तो म्हणाला.

नवऱ्यानं गाडी कडेला घेतली. भाऊ खोकं घेऊन उतरला आणि रस्त्याच्या अगदी कडेला उभा राहिला. कारखान्याचा हंगाम होता. उसानं भरलेल्या जोड ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर एकामागून एक चालले होते, रस्ता थरथरत होता. मी धावत जाऊन त्याच्या आणि रस्त्याच्या मध्ये उभी राहिले. माझी पाठ ट्रॉल्यांकडे होती. पदर त्यांच्या वाऱ्यानं उडत होता. मला दोन्ही हात पसरायचे होते; पसरले नाहीत.

"आसा कुणी माणूसच न्हाई कुपवाडला. व्हय ना?"

"नाही," मी म्हणाले. "मला दुसरं काही सुचेना. तू ट्रंक लावलीस दाराला. मी काय करायचं होतं?"

तो माझ्याकडे बघत राहिला. माझ्या मागून आणखी एक ट्रॅक्टर गेला, उसाचं एक टिपरू आमच्या पायाशी पडलं. आयुष्यात इतकी हतबल मी कधी उभी राहिले नव्हते. लग्नात जेवण कमी पडलं तर काय करायचं, कुणी चक्कर येऊन पडलं तर कुठल्या दवाखान्यात न्यायचं, हे सगळं मला माहीत आहे. भाऊ रस्त्याच्या कडेला उभा असताना काय करायचं, ते कुणी शिकवलेलं नाही.

"सरक आक्का," तो शेवटी म्हणाला. "लागंल तुला."

मला दंडाला धरून त्यानं आतल्या बाजूला घेतलं. स्वतः रस्त्याच्या बाजूनं चालत गाडीपर्यंत आणलं, दार उघडलं. आत बसल्यावर म्हणाला, "मिरजेलाच चला दाजी. पर कुपवाडचा माणूस हिनं शोधायचा. जबान दिलीया."

डॉक्टरांनी त्याच्याशी बोलण्याआधी खोक्यात काय आहे ते विचारलं. तो आत गेला आणि पुष्कळ वेळ बाहेर आला नाही. आम्ही बाकावर बसलो होतो. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, आम्हाला वेगळं बोलावलं आणि सध्या एकटं ठेवू नका म्हणून बजावलं. म्हणून तो आता सांगलीत आमच्याकडे आहे. पुढच्या खोलीत झोपतो. तिला दार नाही, नुसती चौकट आहे. काही दिवस बरे जातात. काही दिवस तो उठत नाही, आणि त्या दिवशी ऑफिसात माझा हात सारखा फोनकडे जातो. गोळ्या माझ्या कपाटात असतात, मी त्याच्यासमोर देते. भावजय एकदा येऊन गेली, मुलीला न आणता. दोघं गच्चीवर बसली होती. काय बोलली, ते मी विचारलं नाही.

आई रोज फोन करते. पूजेनं कधी कुणाचं वाईट झालंय व्हय, असं तिचं चालूच होतं. एकदा त्यानं फोन माझ्या हातातून घेतला आणि तिला सांगितलं, "आई, पूजा बरोबर झाली. पाणी जास्त झालं."

इंजिन आमच्या फ्रिजवर आहे, खोक्यात. आत कुंकू वाळून घट्ट झालंय. तो दर दोन-चार दिवसांनी विचारतो, माणूस मिळाला का. कुपवाडला मी जाऊन आले, एकदा नव्हे. तिथं पंपाच्या मोटरी भरून देणारे आहेत, लेथवाले आहेत. एकानं इंजिन हातात घेऊन, यापेक्षा आमचा बोल्ट मोठा असतो, म्हणून परत दिलं. दुसऱ्यानं दुसरं विकत घ्या, असा सल्ला दिला. तिसऱ्यानं उघडायला घेतलं, पण त्याच्या पान्याकडे बघून मीच परत घेतलं. भाऊ ऐकतो आणि मान हलवतो.

परवा जेवताना तो म्हणाला, हे दुरुस्त झालं की साताऱ्याला जाईन, मागची खोली रिकामी पडलीया. मी त्याला आमटी वाढली. त्या खोलीला अजून कडी नाही, पण ट्रंक आहे.

एका बाईनं शाळेत सांगितलं की कुपवाडमध्येच, शेवटच्या गल्लीत, तिच्या ओळखीचा एकजण दवाखान्यातली बारीक यंत्रं दुरुस्त करतो आणि याला नक्की हात लावेल. पत्ता मी लिहून घेतला आहे. शाळेतून निघून वाटेत होण्यासारखं काम आहे. ते खोकं घेऊन मी त्या गल्लीत अजून गेलेले नाही.