प्रिपेअर्ड बायचा चौकोन

मंगळवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. खोलीत माणसं सात, खुर्च्या सहा. ग्राहक कंपनीची तिघं मुंबईहून आली होती. आमच्याकडून केदारसर, त्यांचे मेहुणे, ड्राफ्ट्समन सुर्वे आणि मी. मी भिंतीला पाठ लावून उभा होतो.

पडद्यावर माझं गणित होतं. आफ्रिकेतल्या एका बंदराजवळ कच्च्या तेलाच्या ऊर्ध्वपातनाचं छोटं युनिट उभं राहणार होतं. त्याच्या मुख्य टॉवरचं डिझाइन आमच्या रत्नागिरीच्या ऑफिसात झालं. चार महिने मी एकट्याने केलं.

ग्राहकाकडच्या बाईंनी विचारलं, "हा टॉवर खाली अरुंद आणि वर रुंद का?"

केदारसर पडद्याकडे बघत राहिले. मेहुणे वहीत काहीतरी शोधायला लागले. मी म्हणालो, "मॅडम, तळाच्या भागात वाफ कमी असते. तेल भट्टीतून जिथे टॉवरमध्ये शिरतं, तिथून वर..."

केदारसरांनी मान वळवली नाही. म्हणाले, "तू जरा चहाचं बघ. शिपाई रजेवर आहे."

मी गेलो. दाराबाहेर त्यांचा आवाज ऐकू आला. "आमच्या टीमचं काम आहे. तो फक्त आकडे भरतो."

सहा चहा घेऊन आलो. सातवा आणायचा असतो, हे मलाही सुचलं नाही. याची लाज मला त्या दिवशी वाटली नाही, पुढे वाटली.

तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो आणि केदारसर छत्तीसचे. ते मला 'तू' म्हणत, मी त्यांना 'तुम्ही'. त्यांचे काका कंपनीचे मालक. तेही मला 'तू'च म्हणायचे, पण ते वयाने मोठे होते. पुतण्याने काकांकडून धंद्याबरोबर हे 'तू'ही घेतलं. सुर्वे माझ्याहून सहा वर्षांनी लहान. त्याला केदारसर 'सुर्वे, तुम्ही' म्हणत. मला अनेकवचन फक्त एका प्रसंगी मिळायचं. एखादं गणित पहिल्या फेरीत बरोबर आलं, की ते हसून म्हणायचे, "तुमच्या लोकांना हल्ली आकडे चांगले जमायला लागलेत." मी एकटा असलो की तू. माझ्यामागे माझी माणसं दिसली की तुमचे लोक.

माझी माणसं कोण, हे काकांनी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं. कोकणात आडनावावरून नक्की कळत नाही. माझं आडनाव मराठ्यांतही आहे. काकांनी विचारलं, "गाव?" म्हटलं, केळशीच्या अलीकडे. "वाडी कुठली?" म्हटलं, बौद्धवाडी. त्यांनी माझी फाईल मिटली. नोकरी दिली. खोटं कशाला सांगू, पगारही वेळेवर दिला.

पण नाव दिलं नाही. डिझाइनच्या प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात खाली तीन चौकोन असतात. प्रिपेअर्ड बाय, चेक्ड बाय, अप्रूव्ड बाय. ज्याने गणित केलं त्याची आद्याक्षरं पहिल्या चौकोनात येतात. अठरा वर्षांत माझी एकदाही आली नाहीत. "तू डिप्लोमावाला, ग्राहकाला डिग्री लागते," असं कारण सांगत. सरांचे मेहुणेही डिप्लोमावालेच. एका शनिवारी मी बसून मोजलं. एकाच वर्षातल्या एक्केचाळीस कागदांवर त्यांची आद्याक्षरं होती. त्यातले तेहेतीस मी केलेले. मोजून झाल्यावर कपाट बंद केलं आणि घरी आलो.  थकवा असा असतो. माणूस मोजतो आणि गप्प बसतो.

आता त्या टॉवरचं सांगतो.

कच्चं तेल भट्टीतल्या नळ्यांतून तापवत नेतात आणि टॉवरमध्ये सोडतात. हलकं वर जातं, जड खाली बसतं. मधल्या मजल्यांवरून रॉकेल आणि डिझेल काढून घेतात. तेल जास्त तापवलं की डिझेल जास्त निघतं, निदान कागदावर. पण एका हद्दीपुढे तेल करपतं. भाताच्या टोपाला तळाशी करप धरते, तसा नळीला आतून कोळसा धरतो. मग तेवढ्या जागी नळीची उष्णता तेलात जात नाही. धातू तापत राहतो आणि एक दिवस फाटतो.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. या ऑफिसात येण्याआधी सहा वर्षं गुजरातेतल्या एका कारखान्यात शिफ्टला होतो. भट्टीला बघायची लहान खिडकी असते. तिच्यातून मला एका नळीवर लाल डाग दिसला, तळहाताएवढा. लॉगबुकात लिहिला. तिसऱ्या दिवशी नळी फुटली. माझ्या शिफ्टचा भरत नावाचा ऑपरेटर भट्टीच्या बाजूने चालला होता. तो जगला. पण त्याला शर्टाची बटणं त्याची बायको लावायची.

हे तेल भट्टीतून बाहेर पडतानाचं तापमान मी तीनशे चौसष्ट अंश काढलं होतं. तेल जड होतं. त्यापुढे फार जायला जागा नव्हती. त्यात डिझेल अठ्ठावीस टक्के निघत होतं. पण काम मिळवताना आमच्या कंपनीने ग्राहकाला एकतीस टक्के लिहून दिले होते.

मी केदारसरांना म्हणालो होतो, "खालून वाफ वाढवू. टॉवर चाळीस सेंटिमीटरने रुंद करू. डिझेल टक्का-दीड टक्का जास्त सुटेल. बाकीचं त्यांना खरं सांगू."

"टॉवरची किंमत आधीच कळवलीय," ते म्हणाले. "तू तुझं बघ."

चहाच्या त्या मंगळवारनंतर नऊ दिवसांनी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"या. बसा."

मी मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं.

"बसा हो. चहा घेणार का? तुम्ही इतकी वर्षं काम करताय. आम्ही ठरवलंय, या टॉवरच्या कागदांवर तुमचं नाव घालायचं. तुमचा हक्कच आहे."

कागद समोर सरकवला. प्रिपेअर्ड बायच्या चौकोनात माझी तीन आद्याक्षरं छापलेली. खरं सांगतो, ती मी दोनदा वाचली. अठरा वर्षांनी. वाटलं, हा कागद घरी नेऊन बायकोला दाखवावा.

मग नजर सवयीने आकड्यांवर गेली. तेल भट्टीतून बाहेर पडतानाचं तापमान, तीनशे अठ्ठ्याऐंशी. डिझेल, एकतीस टक्के. चेक्ड बायच्या चौकोनात दोन महिन्यांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या इंजिनिअरची आद्याक्षरं होती.

मी विचारलं, "सर, हे तीनशे अठ्ठ्याऐंशी कोणी काढलं?"

"तुमच्याच फाईलमधलं आहे ना."

"माझ्या फाईलमध्ये तीनशे चौसष्ट आहे."

"आकडा थोडा पुढेमागे होतो. तुम्हाला माहीत आहे."

"चोवीस अंश आहेत, सर. नळ्या कोळसा धरतील."

"ते चालवणारे बघतील. तुम्ही फक्त सही करा."

"मग मेहुण्यांचं नाव घाला. नेहमी त्यांचंच असतं."

त्यांनी फक्त पेन माझ्याकडे सरकवलं. आणि मला कळलं. माझं नाव मालकांच्या या घराला पहिल्यांदाच उपयोगाचं झालं होतं. उद्या नळी फुटली तर चौकशीला दाखवायला एक माणूस हवा. डिप्लोमावाला, कमी शिकलेला, कोट्यातून आलेला. हिशेब चुकला म्हणायला सोपा.

मी म्हणालो, "सही करणार नाही."

"तुला कळतंय का तू कोणाशी बोलतोयस?"

भिंतीवर घड्याळ होतं. माझं 'तुम्ही' नऊ मिनिटं टिकलं.

बाहेर सुर्व्याने गाठलं. त्याला सगळं ऐकू गेलं होतं. "अरे, येडा की काय तू? अठरा वर्षं नावासाठी तोंड पाडून फिरलास. आता देतायत तर नाय म्हणतोस? आफ्रिकेत कोण बघायला जातोय?"

"तिथे पण शिफ्ट असते, सुर्वे."

"आणि इथे तुझा हप्ता असतो. पोरीची फी असते. उद्यापासून काय मांडवीला वाळू मोजत बसणार?"

मी जिन्याकडे चालायला लागलो. त्याचं चुकत नव्हतं.

घरी बायकोला सांगितलं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वह्या तपासत होती, हातातलं लाल पेन तसंच राहिलं.

"तुमचा आकडा नक्की बरोबर आहे?"

"तीनदा केलाय."

"अजून एकदा करा. मग मला सांगा."

चौथ्यांदा केला. तीनशे चौसष्टच आला. तिने विचारलं, "तुमच्या पगाराशिवाय किती महिने निघतील?" म्हटलं, सात. ती म्हणाली, "बरं. गॅसचा नंबर लावायचा राहिलाय, तेवढा लावा."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन माझं गणित पुन्हा छापलं. चौकोन लहान असतो, त्यात तीन अक्षरं मावतात. मी पेनाने चौकोनाबाहेर जाऊन पूर्ण नाव लिहिलं. माझं, वडलांचं, आडनाव. स्कॅन करून ग्राहकाकडच्या बाईंना पाठवलं. सोबत दोन ओळी लिहिल्या. तीनशे चौसष्ट हा आकडा माझा आहे. तीनशे अठ्ठ्याऐंशी माझा नाही, आणि तो धोक्याचा आहे. प्रत केदारसरांना.

दुपारी दोनपर्यंत माझं टेबल रिकामं करून घेतलं होतं.

बाईंचं उत्तर आलं नाही. दीड महिन्याने सुर्व्याचा फोन आला. दबक्या आवाजात म्हणाला, "नकाशा बदलायला लागला रे. टॉवर रुंद केला आणि तापमान तीनशे सहासष्ट. प्रिपेअर्ड बायला मेहुणे." मग म्हणाला, "तुझंच गणित आहे ओ ते." त्याने मला पहिल्यांदाच आदराचा 'ओ' लावला होता. मी फोन ठेवला. आनंद झाला नाही. थोडं बरं वाटलं, इतकंच.

सात महिन्यांतले पाच गेले. तीन ठिकाणी अर्ज केले. तिन्हीकडे अनुभवाचा दाखला मागतात. दाखला केदारसरांकडे आहे. मागच्या आठवड्यात त्यांनी वकिलामार्फत कळवलं, की कंपनीची गुप्त माहिती बाहेर दिल्याबद्दल लेखी माफी द्यावी आणि तो आकडा आपण घाईत, पुरेशा ज्ञानाअभावी काढला होता, असं लिहून द्यावं. मग अठरा वर्षांचा दाखला मिळेल. माफीनामा त्यांनीच तयार करून पाठवलाय. खाली माझ्या सहीची जागा सोडलीय, पूर्ण नावासाठी, भरपूर.

मी थकलोय. हे लपवत नाही. रात्री झोप लागत नाही आणि सकाळी उठवत नाही. मुलीने शिक्षण एक वर्ष थांबवते म्हणून सांगितलं, ते ऐकून मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

तरी आज वकिलाला उत्तर पाठवलं. मीच लिहिलं, एका परिच्छेदात. आकडा घाईत काढला नव्हता. ज्ञान पुरेसं होतं. माफी देणार नाही. दाखला तुमच्याकडेच ठेवा. यापुढे जिथे काम करीन तिथे पहिल्या दिवशी विचारीन, की माझ्या गणिताखाली नाव कोणाचं जाणार. माझं जाणार नसेल तर गणितही माझं मिळणार नाही. आणि दुसऱ्याच्या खोट्याखाली माझं नाव हवं असेल, तर ते या जन्मात कोणालाही मिळणार नाही.