येळवशीच्या आधीचा बीम

इकडं ये, जवळ बस. तो मोबाइल ठेव खाली. घर बांधायला काढलंस, फरशीचा रंग कोणता अन् दाराला कडी कसली हे विचारायला या आत्याला सारखे फोन. आणि पुढं गॅलरी काढणार हायेस हे मला दुसऱ्याच्या तोंडून कळावं? ही कुठली रीत, लेका? आता माझ्या गॅलरीचं ऐकूनच घे.

आमच्या लातूरच्या घरावर मजला चढवायचा होता, तेव्हा मला एकच हौस. रस्त्यावर पुढं आलेली गॅलरी. खाली खांब नको, न्हाईतर गाडी आत कशी यायची? ती सगळी एका बीमाला लटकणार होती, आणि बीमाच्या आतल्या अंगाला जिन्याची मोकळी जागा. पुढून ओझं, मागून धरायला कोणी न्हाई.

त्यात येळवस तोंडावर आलेली. त्या अमावस्येला आख्खं लातूर रानात जेवायला पळतं, आणि कामगार एकदा गावाकडं गेले की कधी परततील नेम न्हाई. म्हणून आपल्याकडं खोडच हाय, येळवशीच्या आधी स्लॅब उरकायचा. मिस्त्री चाकूरकडचा, गल्लीतली निम्मी घरं त्याच्या हातची. त्यानं सळया बांधल्या, उद्या काँक्रीट ओतायचं ठरलं.

त्याच दुपारी माझी नात नांदेडहून आली. लेकीची लेक, तिकडं इमारतींचं डिझाइन करते. पिशवी ठेवायच्या आधी वर चढली आणि सळया बघून खाली आली. मग म्हणाली, "आजी, उद्या ओतू नका. हा बीम नुसता वाकणार न्हाई, पिळणार हाय."

वाकणं कळलं, पिळणं कसं? तिनं मला धुवायला काढलेल्या गोधडीपाशी नेलं. एक टोक तिनं धरलं, एक मी, आणि उलटसुलट पिळायला लावलं. चुण्या बघ म्हणाली. तिरप्या पडलेल्या, चारी अंगानं गोल फिरलेल्या. बीमाच्या भेगाबी अशाच फिरतात म्हणे. वाकण्यासाठी वरखाली सळया पुरतात, पिळण्यासाठी चारी बाजूंनी वेढा लागतो. मिस्त्रीनं सळयांभोवतीच्या रिंगांची टोकं नुसती काटकोनात दुमडली होती, ती जोर पडला की सुटणार. ती आत, काँक्रीटच्या पोटात वळवायची, रिंगा जवळ जवळ बांधायच्या, आणि बीमाच्या बगलांतबी सळया घालायच्या.

मिस्त्रीनं वरच्या सळयांकडं बोट दाखवलं. म्हणाला, गॅलरीच्या सळया बरोबर वरच्या अंगाला टाकल्यात, आजवर माझी एक गॅलरी पडली न्हाई. खरंच होतं ते. पण त्या गॅलऱ्यांना मागून खोलीच्या स्लॅबनं धरलेलं; माझ्या मागं जिन्याचं भोक.

"अक्का, आता खोललं तर पोरं सणाहून कधी येतील सांगता येत न्हाई," तो म्हणाला. "मालक तुम्ही."

उद्या तिथं माझीच नातवंडं उभी राहणार होती. मी म्हणलं, थांबवा. तो चहा न घेता निघून गेला. चांगला माणूस तोडला, असं लई वाटलं बघ.

येळवशीला त्याचाच फोन. सणाला राग नसतो, रानात या. येळवशीचं बोलावणं का कुठं मोडतात? आम्ही दोघी गेलो. कडब्याच्या कोपीपुढं पंगत बसली; ओल्या दाण्यांची पातळ भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. नातीनं आंबील मागून मागून प्यायली.

तसा मिस्त्री म्हणाला, "इतकी आंबील पचवणारी पोर खोटं कशाला बोलंल? पण रिंगा वळवायला मी तुलाच बसवणार."

"बसते की मामा."

आणि खरंच सुट्टी काढून बसली. पहिल्या रिंगा तिनंच वळवल्या, हाताला फोड आला तवा उठली. मिस्त्री चिडवायचा, नांदेडचं डिझाइन लई नखरे करतंय म्हणून. पण बांधलं सगळं तिच्या सांगण्यापरमाणं, बगलेतल्या सळयांसकट. सेंट्रिंग खोललं त्या दिवशी त्यानं मला मागं सारलं, गॅलरीच्या टोकाला जाऊन दणादण उड्या मारल्या, आणि मग म्हणाला, "या अक्का आता."

माझं झालं ते झालं. तुझ्या गॅलरीच्या मागं खोली हाय का भोक, ते तुलाच धड सांगता येईना. आज नकाशा न आणताच आलास. नात रविवारी इथंच हाय. तुझ्या मिस्त्रीलाबी घेऊन ये, जेवायलाच या. पण स्लॅब ओतायच्या आधी ये, बाबा.