काढता-घालता येणारा कॅरिअर

गल्लीत घरोघर स्कूटर आल्या, तरी आमचा हा शेजारी रोज सकाळी माझ्याच सायकलच्या कॅरिअरवर बसून शाहूपुरीपर्यंत यायचा. वजन दोन म्हशींचं आणि ऐट अंबारीतल्या राजाची. तो बसला की मागचा टायर लोटांगण घालायचा. रस्त्यातले सगळे रामराम हाच घ्यायचा आणि वर मला म्हणायचा, "चढाला जरा जोर लाव की मर्दा!"

शेवटी कॅरिअर मोडला. मी ठरवलं, नवा काढता-घालता येणारा घ्यायचा. संध्याकाळी बाजाराला लावायचा, सकाळी घरात लपवायचा. मग हा बसेल कशावर?

तर निवडायला हा आपणहून बरोबर आला! प्रत्येक कॅरिअर सायकलला लावून घेऊन त्यावर बसून बघू लागला. दुकानदार चक्रावला. "पावणं, घेणार कोण हाय नक्की?"

"ह्यो घेणार, मी बसणार."

मी चाचरत म्हटलं, "मला निघणारा पाहिजे." वाटलं, आता याचं तोंड उतरेल. पण हा खूश! "व्हय की! निघणाराच घे!"

घरी पोचताच त्यानं कॅरिअर सोडवून काखोटीला मारला. "तुझ्या दारातनं कोण तरी पळवंल. माझ्याकडं ऱ्हाऊ दे."

माणूस भोळा म्हणावा की माझा डाव त्यानं ओळखला होता? मला अजून कळलेलं नाही. सकाळी तो कॅरिअर घेऊन माझ्या दारात हजर असायचा. संध्याकाळी बाजारासाठी मी मागायला गेलो, की कपाळाला आठ्या घालून विचारायचा, "परत कवा देणार?"