दौंडच्या टेबलाचे पाय

मी टेबलाखाली उताणा पडलो होतो. वरून मामा विचारत होते, “सायेब, काय सांडलंय का?”

सांडलं काही नव्हतं. जुनं टेबल आम्ही आधी खालून बघतो. वरून पॉलिश मारून कुणीही फसवतं. खाली पॉलिश मारायचा कंटाळा सगळ्यांनाच असतो. खालच्या फळीवरून बोटं फिरवली, की हाताने मारलेल्या रंध्याच्या बारीक लाटा लागतात. स्क्रूऐवजी लाकडी खुंट्या दिसतात. इथं दोन्ही होतं. अस्सल सागवान, आणि चारही पायांना खाली कोरलेले वाघाचे पंजे, नखांसकट!

सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. पुण्याला कॅम्पातल्या एका जुन्या फर्निचरच्या दुकानात मी खरेदीचं काम शिकत होतो, प्रोबेशनवर. शिरूरच्या एका डॉक्टरीणबाईंनी नव्या बंगल्यासाठी अँटिक डायनिंग टेबलची ऑर्डर दिली होती. सेठ म्हणाले होते, “हे एकट्याने जमव. जमलं तर पर्मनंट.” मामा म्हणजे दौंडचे रिटायर्ड रेल्वे गार्ड. विलायतेला परत जाताना त्यांचा इंग्रज साहेब हे टेबल त्यांना देऊन गेला होता. आता मामा मुलीकडे राहायला निघाले होते आणि तिच्या घरात एवढ्या टेबलाला जागा नव्हती.

आमच्या धंद्यात माल आवडला की तोंड वाकडं करायचं. म्हणजे भाव चढत नाही. मी कपडे झटकत उठलो.

“वर फार डाग आहेत, मामा.”

“व्हय, जुनं हाय त्ये.”

“उंचीही जरा जास्तच वाटते.”

“आसं?” मामांचा चेहरा उतरला.

सौदा ठरला. गुरुवारी टेम्पो घेऊन येतो, असं सांगून मी निघालो. बाईंना त्या पंजांचं इतकं वर्णन ऐकवलं, की त्या म्हणाल्या, “मीच येते बघायला.”

गुरुवारी मामा धुतलेला शर्ट घालून दारातच उभे होते. बाई आणि मी आत गेलो. मी टेबल शोधू लागलो. ते समोरच होतं.

वरची फळी रंधा मारून पिवळीफटक केलेली, त्यावर चकचकीत व्हार्निश. वर्षानुवर्षं हात लागून, फडकी फिरून लाकडाला जो गडद रंग चढतो, गिऱ्हाईक त्यालाच भुलतं. एकदा तासला की तो परत येत नाही. पण हे काहीच नव्हतं. टेबल बुटकं झालं होतं. चारही पाय खालून चांगले चार-चार बोटं कापलेले!

मी खाली वाकून पुन्हा बघितलं.

“पंजे?” बाईंनी विचारलं. “पंजे कुठं आहेत?”

“बंबात घातले,” मामा म्हणाले. “जुनं सागवान, झ्याक पेटलं. आंघोळीला कडक पानी!” मग माझ्याकडे वळले. “तुम्ही सांगितल्याला एकबी दोष ठिवला न्हाई. तीन दिस बसून केलं. दुसऱ्याच्या घरी डागाळल्याली वस्तू कशी द्यायची? आता पसंत हाय न्हवं?”

त्यांच्या दोन बोटांना चिंधी बांधलेली होती. बाई माझ्याकडे रोखून बघत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. करवत मामांनी चालवली, पण कुठं चालवायची ते मीच सांगून गेलो होतो.

“पसंत आहे, मामा,” मी म्हणालो. “छान केलंत.”

त्या टेबलाचं मामांसमोर मी तेव्हा पहिल्यांदा कौतुक केलं.

बाई गाडीत बसल्या आणि शिरूरला निघून गेल्या. ऑर्डर गेली. टेबल मात्र मी टेम्पोत चढवलं; शब्द दिला होता. दुकानात सेठनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली.

“हे काय आहे?”

“मी नावं ठेवली, सेठ. त्यांनी ती मनावर घेतली.”

सेठनी वाकून कापलेल्या पायावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “उद्या कामावर ये. टेबल तुझ्या घरी ने. रोज त्याच्यावर जेव.”

अजून जेवतो. खुर्ची पुढे ओढली की गुडघे खालच्या पट्टीला आपटतात. त्या दिवसानंतर आवडलेल्या वस्तूला मी कधी नावं ठेवली नाहीत. भाव जरा चढतो, पण वस्तू जशी बघितली तशी घरी येते.