सगळ्यांचा मामा पंढरी

भोकरजवळच्या शाळेत पंढरी शिपाई म्हणून लागला आणि पहिल्याच दिवशी त्याचं नाव गेलं. हेडमास्तरांपासून पहिलीतल्या शेंबड्यापर्यंत सगळे त्याला मामा म्हणू लागले. आपल्याकडे मामा लई स्वस्त. एसटीतला कंडक्टर मामा, चौकातला हवालदार मामा. देगलूरच्या पुढे तेलुगू सुरू झाली की सासराही मामाच. तिथे हाक मारण्याआधी जरा विचार करावा लागतो.

पंढरीनं मात्र हा शब्द एका घरी खरा धरला. गावातले मोठे शेतकरी शेषेराव, त्यांची ऋतुजा शाळेत होती. ओढ्याला पाणी आलं की पंढरी तिला खांद्यावर बसवून घरी पोचवायचा. दारात तिची आई सिंधुबाई म्हणायची, "मला भाऊ न्हाई, पंढरीदादा. पोरीला मामा तुम्हीच." चहा अंगणातच मिळायचा, कपही वेगळा असायचा. पण बोलणं गोड होतं.

ऋतुजा मोठी झाली, तिचं लग्न ठरलं. मामानं नवरीला पिवळी साडी द्यायची असते, म्हणून पंढरीनं ती नांदेडहून आणली. बायको भामाबाई म्हणाली, "आपल्या बौद्धांत नवरी पांढरी नेसती. तुम्ही कुणाच्या लग्नाला चालले?"

"भाचीच्या."

मांडवात भटजींनी माइकवरून पुकारलं, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." पंढरी नवा सदरा ओढून सरळ करत उठला. तेवढ्यात शेषेराव आडवे आले. चेहरा हसरा, आवाज अगदी खालचा.

"मामा, पंगतीला पाणी हाय का तेवढं बघा. पोरं लई ढिली हायत."

चाकूरहून आलेला सिंधुबाईंचा कुणी लांबचा चुलतभाऊ ऋतुजाला घेऊन आला. तिनं त्याला याआधी पाहिलं असेल-नसेल. "मामा आले, मामा आले," बायका म्हणाल्या. सिंधुबाई अक्षता वाटण्यात फार गुंतल्या होत्या. पंगतीला पाणी भरपूर होतं. तरी पंढरीनं ते वाढलं.

सोमवारी शाळेत हाक आली, "मामा, चहा सांगा." पंढरी खिडकीबाहेर बघत राहिला. दुसरी हाक, तिसरी हाक, तो आपला बघतोच आहे. आठवडाभरात सगळ्या गुरुजींचं एकमत झालं, मामाचे कान गेले. हेडमास्तर भले गृहस्थ. त्यांनी कानाच्या डॉक्टरचा पत्ता दिला, वर रजाही दिली.

पंढरी काही गेला नाही. भामाबाई वैतागली, "चांगलं ऐकू येतंय की तुम्हाला. ओ द्यायला काय जातं?"

"ते कुणाला हाका मारून राहिले," पंढरी म्हणाला, "त्यांना तरी ठावं हाय का?"