जीपचं अर्थिंग

छप्पन साली नवं राज्य झालं, नागपूर आमच्यापासून तुटलं, विदर्भ तिकडे मराठी मुलखाकडे गेला आणि आम्ही बऱ्हाणपूरवाले इकडे हिंदी राज्यात राहिलो. कचेरीतले मराठी कागद वर्षभरात दिसेनासे झाले. त्याचाही राग होताच, पण जो आजवर गेला नाही तो राग निराळा आहे.

मी एका सरकारी खात्यात वायरलेस फिटर होतो. खात्याचं नाव घेत नाही. डोईफोडिया गावाच्या पुढे जंगलात आमचं रस्त्याचं काम चाललं होतं आणि तिथल्या जीपवर बोलता-ऐकता येईल असा सेट बसवायचं काम माझ्याकडे आलं. दोन दिवस मी त्यावर खपलो. बॅटरीपासून सेटपर्यंत जाड वायर थेट ओढली, मध्ये फ्यूज घातला, वायर पत्र्यातून जाते तिथे रबर बसवलं. मग अर्थिंग. करंट सेटमध्ये वायरीतून जातो, पण परत येतो गाडीच्या पत्र्यातून. म्हणून सेटची तांब्याची पट्टी उघड्या लोखंडाला कसावी लागते. मध्ये गंज नको, रंग तर नकोच. मी सुपारीएवढ्या जागेचा रंग खरवडला, लोखंड चकचकीत केलं, पट्टी कसली आणि वरून ग्रीस फासलं. बटण दाबून बोललो तर आमच्या वायरलेस स्टेशनवर आवाज खणखणीत.

राजधानीहून नव्याने आलेल्या साहेबांना ती खरवडलेली जागा दिसली. वरचे अधिकारी गाडी पाहायला येणार होते, म्हणून तिथे रंग मारा म्हणाले. मी अर्थिंग समजावून सांगू लागलो, तर माझ्या हिंदीला हसून त्यांनी विषय संपवला. दुसऱ्या दिवशी पाहतो तर पट्टी सोडून, खाली हिरवा रंग मारून, ती पुन्हा वरून कसलेली. मी म्हणालो, साहेब, आता हा सेट बोलणार नाही. त्यांनी खटका दाबला. आत स्टेशनचा आवाज स्वच्छ येत होता.

"सुनाई तो दे रहा है ना?"

"हो, पण..."

"तो बस."

ऐकायला बोल्टमधून निसटणारा थोडा करंट पुरतो, बोलायला खूप लागतो. हे मला सांगायचं होतं. आदल्याच आठवड्यात मराठीत रिपोर्ट लिहिला म्हणून त्यांनी सगळ्यांसमोर माझा कागद फाडला होता. मी गप्प बसलो. गाडी माझ्या डोळ्यांदेखत कामावर गेली.

दोन दिवस मी स्टेशनवरून दुपारचा पुकारा केला, म्हणजे जीपला हाक दिली, पण उत्तर आलं नाही. साहेब म्हणाले, मध्ये डोंगर आहे. तिसऱ्या दिवशी कामावर दगडांचा ढीग घसरला आणि मजुरांच्या गँगवरच्या एका बाईचा पाय खाली सापडला. जीप चालवायला चांदनी गावचा एक पोक्त माणूस होता, आम्ही त्याला आबा म्हणायचो. बाईला गाडीत घालून आबा बटण दाबून ओरडत राहिला, हे त्यानेच मागून सांगितलं. बटण दाबलं की सेटचा दिवा मंदावायचा, सोडलं की माझा आवाज यायचा. मी दुपारचा पुकारा करत होतो, जीप ऐकते का म्हणून विचारत होतो. उत्तर नाही, तेव्हा ती माणसं जेवत असतील अशी स्वतःची समजूत घालून मी सेट बंद केला. बैलगाड्यांच्या चाकोऱ्यांतून आबा दवाखान्यात पोचला तेव्हा दिवस कलला होता. डॉक्टर बाहेरगावी गेले होते. निरोप आला असता तर त्यांना थांबवता आलं असतं. बाईचा पाय गुडघ्यापासून काढावा लागला.

आठ दिवसांनी मला नोटीस आली, हिंदीत. फिटिंग सदोष, खुलासा करा.

चौकशी होण्याआधी मी दवाखान्यात गेलो. मला माहीत होतं आणि मी बोललो नाही, हे त्या बाईला सांगितलं. ती म्हणाली, "मले काहून सांगतो, भाऊ? ज्याले सांगाले पाह्यजे, त्याले सांग."

चौकशीला दुसरे एक अधिकारी आले. मी खुलासा लिहून दिलाच नाही. पाना मागितला आणि सगळ्यांना जीपपाशी नेलं. बोल्ट सोडला. पट्टीखाली हिरवा रंग जसाच्या तसा, वर वॉशरचा गोल ठसा. रंग कोणी लावला, असं त्यांनी विचारलं. साहेब सावलीत उभे होते. आबा पुढे झाला आणि म्हणाला, "साहेबांनी लावायला लावला. मी तिथंच होतो." आबाची नोकरी कच्ची होती, तरी तो बोलला.

मी रंग खरवडला, पट्टी कसली, बटण दाबलं. स्टेशनवरचा माणूस लगेच म्हणाला, "बोला, ऐकतोय." तेव्हा राग उसळला. एवढंसं काम होतं. पाच मिनिटांचं.

अहवालात 'तांत्रिक कारण' असे दोन शब्द आले. रंगाचा उल्लेख नाही, बाईचाही नाही. माझी नोटीस मागे घेतली, साहेब बढतीवर गेले, आबाला पुढच्या महिन्यात कामावरून कमी केलं. मी खात्याला पत्र लिहिलं की माझ्या सहीशिवाय कुणी अर्थिंगला हात लावला तर ती गाडी मी बाहेर सोडणार नाही. मराठीतच लिहिलं. उत्तर आलं नाही. बदली मात्र आली. नव्या ठिकाणी मी दोन गाड्या अडवल्या आणि भांडखोर म्हणून नाव मिळवलं. त्याचं मला काही वाटलं नाही. ते नाव मला एक जीप आधी मिळायला हवं होतं.